कालिंदी कलम

“देसाईवैनी, ओटीचं ताट घेऊन जरा वर या,” आप्पासाहेब नलवड्यांनी माईकवरून हाक दिली. “माहेरवाशिणीची ओटी भरल्याबिगर आपल्यात शुभकार्य पुढं सरकत नसतंय.”

हायस्कूलचे सभागृह खुशीत हसले. मी तिसऱ्या रांगेत बसले होते. मांडीवर ताट, ताटात तांदूळ, नारळ, खण आणि हळदकुंकवाची कोयरी. व्यासपीठावर चार खुर्च्या होत्या. एकीत दवाखाना समितीचे अध्यक्ष या नात्याने स्वतः आप्पासाहेब, दुसरीत आरोग्य खात्याचे अधिकारी, तिसरीत कंपनीचे प्रतिनिधी सबनीस, आणि चौथ्या, जरा उंच पाठीच्या खुर्चीत माझी नणंद कालिंदी. मागच्या फलकावर ‘शासन, उद्योग आणि लोक: हळदोळीचा आदर्श’ असे लिहिले होते आणि अक्षरांच्या शेजारी कालिंदीचा हसरा चेहरा पुरुषभर उंचीचा छापलेला होता.

तो दवाखाना मी उभा केला होता. हे वाक्य मी इथे लिहिते आहे, कारण त्या दिवशी ते कोणी उच्चारले नाही.

लग्न होऊन मी हळदोळीला आले आणि काही वर्षांनी तिथल्याच महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवू लागले. खेडी आपल्या आरोग्यसेवेचा खर्च कसा उचलतात, हा माझ्या प्रबंधाचा विषय होता. त्यासाठी मला फार लांब जावे लागले नाही. देवस्थानाची पडीक जागा मी मागून घेतली, दारोदार हिंडून लोकवर्गणी जमवली, घराघरातून श्रमदानाला माणसे काढली आणि बाळंतपणाच्या खोलीसकट दवाखाना बांधून घेतला. त्या खोलीत पहिले बाळंतपण झाले ते कालिंदीचे. ती मुंबईहून माहेरी आली होती. बाळाला मांडीवर घेतलेला तिचा फोटो आजही दवाखान्याच्या दर्शनी भिंतीवर आहे. फोटोच्या डाव्या कडेला एक हात दिसतो, कोपरापर्यंत. तो माझा आहे. चौकट बसवणाऱ्याने उरलेली मी कापून टाकली.

मी ताट उचलले आणि पायऱ्या चढू लागले. वर जाऊन काय बोलायचे ते मला आदल्या दुपारपासून पाठ होते.

आदल्या दिवशी जेवणाच्या वेळेला कालिंदीची जीप दारात थांबली. ती मुंबईत एका सल्लागार संस्थेत मोठ्या हुद्द्यावर होती. सरकार, खाजगी कंपन्या आणि गावे यांच्यात दवाखान्यांसाठी भागीदारीचे करार घडवून आणणे हे तिचे काम. आमच्या दवाखान्यात तेव्हा डॉक्टर टिकत नव्हते आणि बाळंतपणाच्या खोलीला कुलूप लागले होते. तेव्हा खात्याने आणि कंपनीने मिळून हळदोळीची निवड केली, किंवा कालिंदीने करवली. इमारत गावाची, डॉक्टर आणि यंत्रे कंपनीची, आणि प्रत्येक बाळंतपणामागे कंपनीला पैसे देणार खाते. मसुदा कालिंदीने लिहिला होता.

ती आत येण्याआधी गल्ली आत आली. शेजारच्या बायकांनी तिच्या गालांवरून हात फिरवून बोटे मोडली.

“कशी वाळलीस गं पोरी. मुंबईत जेवाय घालत न्हाईत व्हय?”

“घालतात की, काकू. पण तुमच्या हातचं नाचणीचं आंबील कुठं मिळतंय तिथं?” ती लगेच गावच्या बोलीवर आली. तिला ते जमायचे. मी इतकी वर्षे त्या गल्लीत राहिले, पण माझ्या तोंडी ती बोली कधी आली असती तर लोकांनी ती नक्कल समजली असती.

जेवताना ती भावाशेजारी बसली. माझे पती आनंदराव, दिवाणी वकील, एरवी अबोल. पण बहीण आली की त्यांचे वय निम्मे होई. मी वाढत होते.

“वहिनी, तुमच्या हातचं कटाचं सार खाल्लं की वाटतं, उगाच गेले मुंबईला.”

“मग राहा इथंच, वन्सं,” मी म्हणाले. “महाविद्यालयात एक जागा रिकामी होते आहे. माझी. पुढल्या काही वर्षांत.”

ती मनापासून हसली. माझ्या बोलण्यातला विखार तिला कधी टोचला नाही, आणि तिच्याबद्दल मला सगळ्यात मोठी चीड त्याचीच होती. जेवण झाल्यावर तिने पिशवीतून कराराचा जाड मसुदा काढून माझ्यापुढे ठेवला.

“उद्या सही आहे. तुमच्या नजरेखालून गेलं की मी निर्धास्त. मजकुराचं वकिलांनी बघितलंय. तुम्ही शुद्धलेखन तेवढं बघा.”

“शुद्धलेखन,” मी म्हणाले.

“तुमच्याएवढं नेमकं मराठी आमच्या ऑफिसात कोणाचं आहे?”

प्रशंसा म्हणून ते खरेच होते. ती मग गावात फिरायला गेली. मी मागच्या पडवीत चटई टाकली, हातात लाल पेन घेतले आणि मसुदा उघडला.

प्रस्तावनेच्या दुसऱ्याच परिच्छेदात मला एक ओळखीचे वाक्य भेटले. ‘खेडे जेव्हा आपल्या दवाखान्याची भिंत स्वतः बांधते तेव्हा ते उपचाराआधी हक्क बांधते.’ ते माझ्या प्रबंधातले होते. त्यावर खूण नव्हती, तळटीप नव्हती, नाव नव्हते. कदाचित ते तिने कधी माझ्याच तोंडून, याच घरात, ताक पिता पिता ऐकले असेल आणि वाऱ्यावरचे म्हणून उचलले असेल. मी लाल पेनने त्यातली एक वेलांटी दुरुस्त केली आणि पुढे गेले.

मत्सराने दृष्टी मंद होते, असे नीतिग्रंथ सांगतात. ते लिहिणाऱ्यांनी कोणाचा नीटसा मत्सर केला नसावा. माझी दृष्टी त्या दुपारी इतकी तीक्ष्ण झाली होती की ज्या पानांवरून खात्याचे, कंपनीचे आणि कालिंदीचे मिळून डझनभर शिकलेले डोळे फिरून गेले होते, त्या पानांत मी त्यांना न दिसलेली गोष्ट शोधत होते. ती मिळणारच, याची मला खात्री होती. कारण ती मला हवी होती.

लाभार्थ्यांच्या कलमात ती मिळाली. हळदोळी आणि आसपासच्या गावांतील रहिवासी स्त्रियांचे बाळंतपण संपूर्ण मोफत. रहिवासाचा पुरावा म्हणून त्या गावांतील रेशनकार्डावर त्या स्त्रीचे नाव असले पाहिजे. इतर स्त्रियांकडून कंपनी आपल्या दरपत्रकाप्रमाणे आकार घेईल.

मी पेन खाली ठेवले. आमच्याकडे पहिले बाळंतपण माहेरी होते, पुष्कळदा दुसरेही. लग्न झाले की मुलीचे नाव माहेरच्या कार्डावरून उतरते आणि सासरच्या कार्डावर चढते. आमचा मुलूख सरहद्दीवरचा. निम्म्या मुली पलीकडच्या राज्यात दिलेल्या. म्हणजे हळदोळीच्या सुना बाळंतपणाला आपापल्या माहेरी जाणार, तिथे त्यांचे कार्ड चालणार नाही. आणि हळदोळीच्या खाटेवर येणार त्या हळदोळीच्या लेकी, ज्यांचे कार्ड इथले नाही. जी इथे राहते ती बाळंतपणाला इथे नसते, आणि जी बाळंतपणाला इथे असते ती इथे राहत नाही. गावाने स्वतःच्या इमारतीत मोफत बाळंतपण मिळवले होते आणि ते घ्यायला क्वचितच कोणी येणार होते. बाकीच्या सगळ्या पैसे मोजणार होत्या.

मला आनंद झाला. इतका स्वच्छ, थंड आनंद मला प्रबंध मान्य झाला तेव्हाही झाला नव्हता.

चहाच्या वेळी आनंदराव पडवीत आले. मी कलम त्यांच्यापुढे धरले. वकिली सवयीने त्यांनी ते मनातल्या मनात ओठ हलवत वाचले.

“बरोबर आहे तुझं,” ते म्हणाले. “फार मोठी चूक आहे. तिला आत्ताच सांग.”

“ती गावात सत्कार घेते आहे.”

“मग संध्याकाळी सांग.”

“बघू.”

त्यांनी कप खाली ठेवला. “हेमा, चूक दाखवायची असेल तर घरात दाखव. गावात दाखवलीस तर लोक चूक बघणार नाहीत. तुला बघतील.”

“मला इतकी वर्षं कोणी बघितलेलं नाही. एकदा बघू देत.”

“ती तुझ्याविषयी वाईट कधी बोलली नाही.”

“नाही. ती माझ्याविषयी बोललीच नाही.”

ते उठून गेले. भांडणाची संधी ते कधी देत नसत.

संध्याकाळी कालिंदी परत आली तेव्हा दिवेलागण व्हायची होती. गजरे, नारळ आणि कोणीतरी दिलेली काजूची पिशवी सावरत ती माझ्याजवळ ओट्यापाशी येऊन बसली आणि शेंगा सोलू लागली. मी तिला एक संधी दिली. संधी म्हणण्यापेक्षा परीक्षा म्हणावे.

“वन्सं, मसुदा वाचला. एकच विचारते. हा दवाखाना मोफत कोणासाठी?”

“आपल्यासाठी, वहिनी.”

“आपण म्हणजे कोण?”

“म्हणजे काय? आपण. गावचे. तुम्ही, मी, समोरच्या काकू, त्यांच्या लेकी.” तिने शेंगदाणा तोंडात टाकला. “चुका फार आहेत का हो शुद्धलेखनाच्या?”

“फार नाहीत,” मी म्हणाले.

तिला ते दिसत नव्हते, कारण ते दिसायला आधी स्वतःला परके समजावे लागते. लग्न होऊन ती मुंबईची झाली, तिचे नाव बदलले, कार्ड बदलले. पण आपण हळदोळीच्या नाही असे तिला एका क्षणासाठीही वाटले नव्हते. तिला तसे वाटू देणारे कोणी गावात नव्हते. ‘रहिवासी’ हा शब्द लिहिताना तिने स्वतःला त्यात धरले होते. आणि त्या कलमाने प्रथमच उलटे केले होते: कार्डावर नाव माझे होते. आयुष्यात एकदाच एका सरकारी कागदाने मला आतली आणि तिला बाहेरची ठरवले होते.

मला ते कलम जवळजवळ आवडले होते.

व्यासपीठावर पोचले तेव्हा कालिंदी उठून उभी राहिली आणि तिने नेहमीच्या लाडिक सवयीने पदर पुढे धरला. आप्पासाहेबांनी माईक आमच्या दोघींच्या मध्ये आणून ठेवला. नणंद-भावजयीच्या थट्टेचे चार शब्द गावाला ऐकवावेत, हा त्यांचा हिशेब. खाली बायकांनी माना उंचावल्या.

मी हळदकुंकू लावले नाही.

“वन्सं,” मी माईकमध्ये म्हणाले, “कार्ड आणलंय का?”

लोक हसले. त्यांना वाटले, थट्टा सुरू झाली.

“कसलं कार्ड, वहिनी?”

“रेशनकार्ड. हळदोळीचं.”

“माझं कार्ड मुंबईचं,” तीही हसून म्हणाली. “नाव कमी करून तुम्हीच तर दाखला पाठवलात.”

“मग ओटी भरता येत नाही. ओटी माहेरवाशिणीची भरतात, आणि तुम्ही ज्यावर सही करणार आहात त्या करारात हळदोळीला माहेरवाशीण नाही. कार्ड असेल ती गावची. नसेल तिने दरपत्रक बघावं. तुमची लेक ज्या खोलीत जन्मली, त्या खोलीत उद्या तुम्ही आलात तर तुम्हाला बाळंतपणाचे पैसे पडतील.”

हसू मागच्या रांगांतून पुढे येता येता विझले. आप्पासाहेबांनी माईककडे हात नेला. “वैनी, ते समितीत बघू. आता शुभवेळ...”

“थांबा आप्पा,” खालून आवाज आला. भाजी विकणाऱ्या सुंद्राबाई कांबळे उभ्या राहिल्या होत्या. “माझी शेवंता सातव्या म्हैन्यात आलीया. तिचं कार्ड तिकडं हुक्केरीकडचं. तिला पैसं पडणार?”

आप्पासाहेबांनी सबनीसांकडे पाहिले.

“न्हाई, मी इचारतीया. भित्तीच्या पायाला म्या दगड वाह्यलेत. शेवंता पोटात हुती तवा.”

आता इतर बायकाही उठू लागल्या. कोणाची लेक संकेश्वरला, कोणाची नात खानापूरला. जी ती आपापल्या लेकीचे गाव सांगू लागली आणि सभागृहात नकाशा पसरल्यासारखे झाले. त्या नकाशात हळदोळी सोडून सगळी गावे होती.

अधिकाऱ्यांनी घड्याळ पाहिले. “हे बघा, आर्थिक वर्ष संपतंय. आज सही झाली नाही तर निधी परत जाईल, आणि मग ना मोफत ना पैशाचं. दुरुस्ती नंतर करता येते.”

“नंतर नक्की करू,” सबनीस मृदू आवाजात म्हणाले. “सवलतीचा विचार होऊ शकतो.”

कालिंदी अजून पदर पसरून उभी होती. तिने तो हळूच खाली सोडला आणि सबनीसांकडे वळली. माईक सुरू होता. तिच्या लक्षात नसावे, किंवा असावे.

“हे तुम्हाला माहीत होतं?”

“मॅडम, आमच्या लोकांनी या भागाचा अभ्यास केलाच होता. बाहेरून येणाऱ्या प्रसूती जास्त आहेत म्हणूनच तर प्रकल्प आम्हाला परवडतो. गणित त्यांच्यावरच उभं आहे.”

“बाहेरून येणाऱ्या,” कालिंदी म्हणाली.

“तांत्रिकदृष्ट्या.”

तिने माझ्याकडे पाहिले. त्या क्षणी तिला सगळे कळले: चूक, ती मला कधी सापडली, आणि मी ती कशासाठी राखून ठेवली. तिचा चेहरा पडला, आणि मी तो पडताना पाहिला. ज्यासाठी मी पायऱ्या चढले होते ते मला मिळाले. ते फार थोडा वेळ टिकले.

कारण कालिंदीने माईक हातात घेतला आणि गावच्या बोलीत म्हणाली, “काकू, मावश्यांनो, माझं चुकलं. मी मुंबईत बसून लिवलं आणि माझ्या आईचं घरच इसरले.” मग ती खाली बसली, करार पुढे ओढला आणि त्या कलमाखाली स्वतःच्या अक्षरात लिहिले: ‘अथवा जिचे माहेर या गावांत आहे अशी प्रत्येक स्त्री.’ तिने ते मोठ्याने वाचून दाखवले.

“याला पुरावा काय?” सबनीसांनी विचारले. मृदूपणा आता जरा विरळ झाला होता.

“आईचं नाही तर भावाचं रेशनकार्ड.”

“हे मला वर विचारावं लागेल.”

“विचारा,” आप्पासाहेब म्हणाले. वारा फिरला की आप्पासाहेबांना तो सर्वांच्या आधी कळे. “इमारत गावाची हाय. तुमी हुंबऱ्यावर इचारा, आमी तवर कुलपाची किल्ली हुडकतो.”

सबनीस फोन घेऊन व्हरांड्यात गेले. सभागृह थांबून राहिले. कोणी घरी गेले नाही. मी ताट हातात धरून व्यासपीठाच्या कडेला उभी होते आणि मला बसायला कोणी सांगितले नाही. बऱ्याच वेळाने सबनीस आत आले, त्या ओळीपुढे त्यांनी सही केली. सगळे सभागृह आपल्या हाताकडे पाहत आहे हे लक्षात आल्यावर अधिकाऱ्यांनीही केली.

मग टाळ्या झाल्या. बायका वर चढल्या, कालिंदीला कवटाळू लागल्या. सुंद्राबाईंनी तिच्या तोंडावरून हात फिरवला. आप्पासाहेबांनी समारोप केला. आयत्या वेळी, भर सभेत, कंपनीच्या डोळ्याला डोळा भिडवून आमच्या लेकीने लेकींसाठी कलम घालून घेतले, असे ते म्हणाले. “ह्याला आमी आजपासनं कालिंदी कलम म्हननार.”

टाळ्या पुन्हा झाल्या. मग त्यांची नजर माझ्यावर पडली.

“वैनी, ते ताट आता ठेवा. पंगत बसायची येळ झालीया.”

दुपारी जीप निघायच्या आधी कालिंदी स्वयंपाकघरात आली. आनंदराव बाहेर तिचे सामान ठेवत होते. ती दाराला टेकून उभी राहिली.

“तुम्ही मला काल सांगू शकला असता.”

“सांगू शकले असते.”

“शेंगा सोलताना तुम्ही मला विचारलंत. तेव्हा तुम्हाला माहीत होतं.”

“होतं.”

“मग?”

“मग तुम्ही सबनीसांना फोन केला असता. ते म्हणाले असते, नंतर बघू. तुम्ही सज्जन आहात, वन्सं. तुम्ही विश्वास ठेवला असता.”

 हे खरे होते, आणि मी ते या कारणासाठी केले नव्हते, हेही तिला ठाऊक होते. तिने दोन्ही गोष्टी तोलून पाहिल्या आणि पहिली उचलली. तिच्यातली ही गोष्ट मला कधीच सहन झाली नाही.

“एक सांगा. आमच्या वकिलांना दिसलं नाही, खात्याला दिसलं नाही. मी स्वतः इथं बाळंत झाले, मला दिसलं नाही. तुम्हाला कसं दिसलं?”

“शुद्धलेखन बघताना,” मी म्हणाले.

ती थोडी हसली, थोडी दुखावली. मग तिने पदर पुढे केला. “ओटी राहिली, वहिनी.”

मी ताट घेतले. तिला हळदकुंकू लावले. नारळ, खण आणि ओंजळीने तांदूळ तिच्या पदरात घातले. रीतीप्रमाणे त्यातले चार दाणे तिने परत माझ्या ताटात टाकले. ती वाकून माझ्या पाया पडली, आणि गेली.

माझी ओटी त्याच स्वयंपाकघरात भरली गेली होती. सातवा महिना लागला म्हणून. कालिंदी तेव्हा मुंबईला वसतिगृहात राहून शिकत होती आणि हळदोळीला दवाखाना नव्हता. ओटी भरून मला माझ्या माहेरी पाठवले, नदीपलीकडच्या गावी. तिथून जवळच्या मोठ्या गावात एक दवाखाना होता. कळा अवेळी सुरू झाल्या, तेव्हा वडील मला बैलगाडीतून तिथे घेऊन गेले. खिडकीमागे बसलेल्या माणसाने मान वर केली नाही. त्याने विचारले, “कार्ड आणलंय का?” वडिलांनी त्यांचे कार्ड पुढे केले. त्याने त्यावर बोट फिरवले. “ह्यात हिचं नाव नाही. हिचं नाव कुठलं?” वडील म्हणाले, हळदोळी. “मग हळदोळीला न्या.” तो उद्धटपणे बोलला नाही. माहिती सांगावी तसे बोलला. वडील त्याच्याशी वाद घालू शकले असते, पण ते प्राथमिक शाळेत शिक्षक होते आणि छापील नियमाचा त्यांना आदर होता. त्यांनी गाडी वळवली. नदीच्या उताराला मुलगी झाली. ती रडली नाही.

घरात ‘दिवस भरले नव्हते’ एवढेच सांगण्यात आले आणि कालिंदीलाही तेवढेच माहीत आहे. पुढे मला मूल झाले नाही. त्याच वर्षी मी देवस्थानाकडे जागा मागायला गेले.

मी कालिंदीला ते तेव्हा सांगितले नाही आणि नंतरही नाही. सांगितले असते तर ती रडली असती, पुढच्या भाषणात तिने ते सांगितले असते, आणि लोकांना तेही तिचेच वाटले असते. दवाखाना तिचा झाला, गाव तिचेच होते, कलमही तिच्या नावाने गेले. त्या खिडकीतला प्रश्न तेवढा मी तिला दिला नाही. भर सभेत ऐकवला, पण दिला नाही.

शेवंताला मुलगा झाला. मोफत.

गेल्या वर्षी पुण्यात एक परिसंवाद झाला. निवृत्त प्राध्यापिका म्हणून मला पहिल्या रांगेत जागा होती. एका तरुण संशोधिकेने आरोग्यसेवेतील खाजगी भागीदारीवर निबंध वाचला. चांगला होता. इतर जिल्ह्यांतल्या करारांतही आता ‘कालिंदी कलम’ कसे घातले जाते, हे तिने तपशीलवार दाखवले. स्त्रीच्या प्रत्यक्ष जगण्यातून आलेल्या ज्ञानाचा धोरणावर पडलेला हा दुर्मीळ ठसा आहे, असा तिचा निष्कर्ष होता. पडद्यावर तिने एक फोटो दाखवला. कालिंदी, मांडीवर बाळ. डाव्या कडेला कोपरापर्यंतचा हात.

चहाच्या वेळी ती मुलगी कप सावरत माझ्याजवळ आली.

“मॅडम, तुम्ही मूळच्या हळदोळीच्या ना? मग त्या ऐतिहासिक सभेला तुम्ही हजर असाल.”

“मूळची नाही,” मी म्हणाले. “पण हजर होते.”

“खरंच? कशासाठी गेला होता?”

“ओटी भरायला.”